झाडायची नाही अशी खोली

४ जून
आले बाई एकदाची लेकीकडे राहायला. घर छान, खिडक्या मोठ्या, उजेड भरपूर. मला लिहिता येत नाही, म्हणून नातीने फोनात सोय करून दिलीय : मी बोलायचं, त्याने लिहायचं. नातीला मी उंदरी म्हणते, सारखं काहीतरी कुरतडत असते. लेक धूमकेतूच्या धुळीवर काम करते. जन्मभर मी धूळ घराबाहेर काढली. हिला ती बघायचा पगार मिळतो.

७ जून
लेकीने समजावून सांगितलं. काही कण म्हणे सूर्याजवळच्या भट्टीत तयार झाले आणि पार लांब, बर्फात जाऊन बसले. तेव्हा पृथ्वीच नव्हती. मग धुळीला धूळ चिकटत गेली, तिचे खडे झाले, खड्यांचे डोंगर, डोंगरांचे ग्रह. मी म्हटलं, वेळच्या वेळी कुणी झाडलं नसेल. उंदरी खो खो हसली. लेक हसली नाही. माझे विनोद तिला लहानपणापासूनच झेपत नाहीत.

११ जून
लेकीच्या प्रयोगशाळेतला एक कण हरवलाय. सुईच्या टोकाला पापणीचा केस चिकटवतात, त्यावर एकेक कण उचलतात. तेव्हा श्वाससुद्धा रोखायचा असतो, आणि हिला नेमकी शिंक आली. कण बाहीला चिकटून घरी आला. तिच्या पलंगाखाली धूळ गोळा व्हायला लागली, तेव्हा तिला कळलं. वरिष्ठांना सांगितलं नाही. मला म्हणाली, त्या खोलीत झाडू लावू नकोस. मी कशाला नाही म्हणतेय?

१५ जून
पलंगाखालच्या धुळीचा गोळा कलिंगडाएवढा झालाय. त्याच्याभोवती केस, दोरे, पिठाचे कण फिरतात. वारा नसताना, सावकाश. हात जवळ नेला की ऊब लागते. लेक जमिनीवर पालथी पडून बघत असते. जेवायला हाक मारली तर म्हणते, हे आजवर कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. उंदरीने दिवसभर काय खाल्लं, तेही हिने पाहिलेलं नाही.

१८ जून
उंदरीच्या कोपरांची कातडी सुटतेय, पिठासारखी. उडते आणि दाराखालून त्या खोलीत जाते. लेकीला दाखवलं. तिने भिंगाखाली धरून पाहिलं. डॉक्टरचं नंतर बघू म्हणाली.

१९ जून
झाडू घेऊन आत गेले. झाडूची काडी काडी सुटून गोळ्याला चिकटली. पलंग दिसत नाही. पलंग नाहीच आता.

२० जून
पोरीला घेऊन निघाले — बाहेरच्या दाराला कुलूप. किल्ली लेकीकडे. पोर कडेवर घेतली तर वजनच नाही, रिकामी पिशवी जशी. तो गोळा ओढतोय तिला.

२१ जून
लेक जवळ बसली. माझ्या केसांवरून हात फिरवला. इतक्या मायेने कधी बोलली नव्हती.
"आई, सोड ना तिला. थोडंच राहिलंय, पूर्ण होऊ दे."
सोडली नाही. दोन्ही हातांनी धरलीय. बोटं भुरभुरताहेत — दुखत नाही — उंदरे, बोल काहीतरी, आजीशी बोल — नुसता फ्रॉक आहे गं हातात — आणि ही भिंग पुसतेय. माझ्याकडे वळून — जीभ कोरडी, माती —