चौथ्या माणसाचे कांदे

प्रिय रुचिता,

कांदे भरून झाले एकदाचे. पण माझा जीव काय थाऱ्यावर नाय. सारखी माळ्यावर चढते, हात फिरवते, कुठं सडका वास येतोय का बघते, उतरते, परत चढते. बाबा म्हणतात, कांद्यांना झोपू दे गो जरा!

यंदा टेम्पो घाटावरून उशिरा उतरला. वैशाखऱ्याच्या नाक्यावर ही झुंबड! शिवलेली गोण मी घेत नाय, तुला ठाऊकच आहे. ओतायला लावली नि एकेक निवडला. जाड मानेचा नको, जोडकांदा नको, फुलाचा डेंगळा आलेला तर नकोच नको. बारीक मानेचा, सुकी साल वाजणारा तेवढाच घेतला. टेम्पोवाला कातावला, म्हणाला, मावशी, कांदे निवडता का जावई? सगळे फिदीफिदी हसले. मला हसू आलं नाय.

परवा फोनवर तू सगळं बरं आहे म्हणालीस. फोन स्पीकरवर होता. जेवलीस का विचारलं, तर उत्तर जावयांनी दिलं. पाडव्याला भातसानगरहून आलीस, तेव्हा एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचा ड्रेस. भांडी घासायला बसलीस तरी बाह्या वर केल्या नायस. मी बघत होते गो.

आपल्यात वर्षाचा कांदा माणशी घेतात. तू सासरी गेलीस त्या साली तुझ्या वाटणीचे कमी केले, तेव्हा माळ्याचा मोकळा कोपरा बघून मी रडले होते. यंदा घरात तिघंच, तरी चौघांचे घेतले. वाटलं, बाबा ओरडतील. त्यांनी तर कोयता घेतला, बांबू फोडले नि माळ्यावरची मांडणी हातभर वाढवली. स्वरूपनं विचारलं, कोणासाठी? तर म्हणाले, ताईचे कांदे कुठं ठेवायचे मग?

फोनवर हे बोलता येत नाय, म्हणून चिठ्ठी. तुझा भाऊ तुझ्याच हातात देईल. त्यानं आणलेली कांद्यांची पिशवी सासूबाईंपुढं ठेव, त्या निवडत बसतील. कपडे घेऊ नकोस, तुझे जुने इथं धुऊन ठेवलेत. लोक बोलायचे ते बोलू देत, त्यांना मी बघून घेईन. स्वरूपला गाडी चालूच ठेवायला सांगितलीय. चप्पल घाल नि मागं बस.

वाट बघणारी, तुझीच,
आई