अस्तराच्या आतलं वाक्य

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, पण पूर्ण वाकलोय असं समज). तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? तीन वर्षांत तुझं उत्तर नाही, म्हणजे सगळे खुशाल, असं मी धरून चाललोय.

तुझा शिंपी भाऊ अठ्ठेचाळिसाव्या वर्षी संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला जातो. गिऱ्हाईकं इंग्रजी झाडतात आणि मी नुसती मान डोलावतो, हे तुझ्या भावजयीला बघवेना. अगं, काय भाषा आहे! सध्या जर-तर चाललंय. घडू शकतं त्याला 'इफ'पाशी साधा वर्तमानकाळ, आणि 'विल' फक्त दुसऱ्या अर्ध्यात: इफ यू कम, आय विल मेक टी. मी दोन्हीकडे 'विल' ठोकलं, तर बाई म्हणाल्या, "मास्तर, दोन्ही बाजूंना बटणं लावलीत तर काजं कुठं करणार?" मी थक्क! नुसतं मनोराज्य असेल तर भूतकाळ घालायचा, पुढे 'वुड': इफ आय हॅड विंग्ज, आय वुड फ्लाय. झालेलं काहीच नाही आणि म्हणे भूतकाळ! दुकानात येऊन मी तेच वाक्य घोकत बसलो.

सरावाला वही हाताशी नसते, खडू असतो. म्हणून कापडाच्या उलट्या बाजूवर लिहितो आणि मग झटकतो. परवा झटकायचं राहिलं. हेडमास्तरांनी कच्च्या शिवणीचा कोट घालून बघितला, काढला, तर पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर निळ्या खडूत माझे पंख उमटलेले! बिचारे तसेच सभेला गेले. (मी बोललो नाही. माझी ही खोड तुला ठाऊक आहे.)

मग आला तिसरा प्रकार. घडायला हवं होतं आणि घडलं नाही, त्याच्यासाठी वेगळं वाक्यच आहे, ताई! 'इफ'नंतर 'हॅड', पुढे 'वुड हॅव', दोन्हींनंतर क्रियापदाचं तिसरं रूप. बाईंनी प्रत्येकाला स्वतःचं एक वाक्य सांगायला लावलं. सगळे भराभर बोलले. माझी पाळी आली, तेव्हा मी पडलेली पेन्सिल शोधायला बाकाखाली वाकलो.

असो. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. सोबत दाजींचा नवा कोट आहे. तीन वर्षांपूर्वीच्या कोटाची डावी बाही मीच दोन बोटं आखूड कापली होती. दाजींचा हातच लांब आहे, असं चारचौघांत म्हणालो, ते खोटं होतं. तू त्याच दिवशी बॅग उचललीस.

आणखी एक. डाव्या खांद्यापाशी अस्तर उसवून बघ. वर्गात न बोललेलं वाक्य आत आहे, खडूनं नाही, दोऱ्यानं: इफ आय हॅड सेड सॉरी, माय सिस्टर वुड हॅव स्टेड. मी तेव्हा माफी मागितली असती, तर ताई राहिली असती. बाईंनी तपासलंय, चूक नाही.

शेवटचं. उसवलेलं अस्तर दुसऱ्या कुणाकडे शिवायला टाकू नकोस. इकडेच घेऊन ये. चहा टाकतो.