न पुसणारी सही

कोलरेन खाण वसाहत, पेनसिल्व्हेनिया
९ नोव्हेंबर १९३८

चि. वासील,

आजीचा आशीर्वाद. इथे सगळं ठीक. म्हणजे गुडघे दुखतात, कोबीला कीड लागली, आणि शेजारची ओलेना अजून मेली नाही. तुझं पत्र पोचलं. पाकिटावर मागच्या बाजूला सिनेमा कंपनीने ठेवलेलं तुझं नाव, ज्युलियन ॲशकॉम. टपालवाला मिश्को ते वाचून हसला. मी म्हटलं, हस बाबा, तुला आईने एकच नाव दिलं, तेही तुला पेलत नाही.

तू लिहितोस, मागचे तीन सिनेमे पडले, कंपनी करार मोडणार, आणि मासिकवाल्याने तोडगा काढलाय. रविवारी फोटोवाला घेऊन यायचं, दारात आईला मिठी मारायची आणि छापायचं, लहानपणी दुरावलेली आई सापडली. आईने डोक्याला रुमाल बांधून तयार राहावं, असंही लिहिलंस. रुमालाचं बरं आठवलं. मागे आलास तेव्हा तूच म्हणाला होतास, "आई, स्टेशनवर येताना तो रुमाल काढ."

ये की. आई कुठे जाणार आहे.

पण मला अडाणीला एक सांग. तू इंग्रज कर्नलचा मुलगा, आणि आई तुझी १९१२ साली तापाने वारली, हे छापलं कोणी? आता म्हणे तू सांगणार, मला लहानपणी खोटं सांगितलं होतं. तुला वाढवलं कोणी? मी. म्हणजे खोटारडी मीच ठरणार. कोळशातले दगड निवडताना तुझा पुढचा दात पडला तेव्हा मिठाच्या पाण्याची चूळ मीच भरायला लावली होती. तिथे त्यांनी तुला नवा दात बसवला, नवी भाषा बसवली. छान दिसतोस. घोड्यासारखा.

तुझा एकही सिनेमा तुझ्या आईने, टेक्लाने, सोडला नाही. ज्यात तू आईच्या थडग्यावर रडतोस, तो तर चारदा पाहिला. भोवती बायका हुंदके देत होत्या, आणि ही माझ्या कानात म्हणते, "बघ, नाक अजून डाव्या हातानेच पुसतो."

फेब्रुवारीत मृतांचा शनिवार होता. प्रत्येक घरातल्या मेलेल्यांची नावं पाद्री मोठ्याने वाचतो, तुला आठवत असेल. पाद्री नवा, तीन आठवड्यांचा. तू मूळचा इथला, एवढंच त्याला कळलेलं. त्याने तुझं मासिक वाचलं, बाप्तिस्म्याच्या वहीतून तुझ्या आईचं नाव काढलं आणि पुण्य लागेल म्हणून यादीत घातलं. सकाळी चर्चची फरशी पुसणारी बाई तीच, हे त्याला काय माहीत. त्याने वाचलं, "टेक्ला ह्रिंको." टेक्ला मेणबत्ती घेऊन उभी होती. सगळं चर्च तिच्याकडे वळलं. तिने क्रूसाची खूण केली आणि सगळ्यांबरोबर म्हणाली, "तिची आठवण चिरंतन राहो."

बाहेर आल्यावर मी चिडले. म्हटलं, तोंड शिवलं होतं का तुझं?

"पोराचा शब्द देवापुढे कसा खोटा पाडू?" म्हणाली.

जुलैत तिला पोटाचं दुखणं लागलं. ओलेनाच्या मुलीकडून तुला इंग्रजीत लिहवलं, आई आजारी आहे, ये. बारा दिवसांनी तुझा फोटो आला. खाली सही, 'सदैव तुमचा, ज्युलियन.' मी बोट थुंकीने ओलं करून सही चोळली. पुसली नाही. छापील होती. टेक्लाला म्हटलं, स्वतःच्या हाताने लिहिलंय, निघालोच म्हणतोय. पोटच्या पोरीशी मी एवढं एकच खोटं बोलले. त्यानंतर नऊ दिवस ती दाराकडे तोंड करून पडून होती.

तीन ऑगस्टला पुरली. रुमाल बांधूनच. काढ म्हणणारं तिथे कोणी नव्हतं. तुझा तो फोटो तिच्या हाताखाली आहे.

हे पहिल्याच ओळीत लिहिणार होते. पण तुला फोटोवाल्याची एवढी घाई, म्हटलं आधी तुझं ऐकून घ्यावं.

जायच्या आधी तिने ओलेनाच्या मुलीला विचारलं, मासिकात मी कुठल्या साली मेले? मग मला म्हणाली, "दगडावर तेच घाल. पुढेमागे कोणी बघायला आलं, तर पोराची फजिती नको." पाद्री कुरकुरला. मी म्हटलं, तुम्ही तिला जिवंतपणी मेलेल्यांत वाचलंत, आता सालावरून कशाला अडता. दगडावर १९१२च कोरलं.

तेव्हा ये रविवारी. दफनभूमीत, कुंपणाकडून तिसरी रांग. फोटोवाल्याला म्हणावं, जवळून काढ, अक्षरं नीट येऊ देत. नाव तिचं आहे, साल तुझं. सव्वीस वर्षांपूर्वी मेलेली आई सापडली, असं छापता येत असेल तर छापा.

आणि मिठीसाठी दार हवं असेल, तर ते मी उघडणार नाही.

तुझ्या मासिकात नसलेली, म्हणून अजून जिवंत,
आजी पारास्का