पिंपळदरीत उतरायचं कुठे

६ जानेवारी, सोमवार
डॉक्टर म्हणाले, राग आला की बोलू नका, लिहून काढा, बीपी खाली येईल. म्हणून ही वही. मुळात मला राग येत नाही, हे पहिल्याच पानावर नमूद करतो. लोक चुका करतात, मी त्या दाखवतो. ह्याला राग म्हणत नाहीत.

मुद्द्यावर येतो. बायकोला, शुभाला, घरातून जाऊन आज चौऱ्याण्णव दिवस झाले. शाळेच्या ऑफिसातली नोकरी रिटायर व्हायच्या तीन वर्षं आधी सोडली आणि मानसी नावाच्या कॉलेजातल्या मैत्रिणीच्या द्राक्षमळ्यावर थोडे दिवस राहायला गेली. पिंपळदरी, दिंडोरीच्या पुढे. दर दोन शेतांनंतर एक वायनरी, असं गाव. 'थोडे दिवस' हे शब्द माझे, पण तिच्याही मनात तेच असणार. रागावलीय. एकतीस वर्षांच्या संसारात चालायचंच.

ठराव: स्वतः जाऊन तिला घेऊन यायचं. न कळवता. शनिवार, ८ फेब्रुवारी. गावातली सगळ्यात उत्तम जागा बुक करायची, तिथून तिला फोन करायचा, ये म्हणायचं. एक रात्र आरामात. रविवारी संध्याकाळी दोघंही मुलुंडला. मानसीकडे उतरणार नाही. बायकोच्या मैत्रिणीकडे पाहुणा म्हणून गेलं की नवऱ्याचं वजन राहत नाही.

आणि राहायची जागा निवडणं ही तर आपली लाइन. ऑफिसात अख्खं डिपार्टमेंट मला विचारून ट्रिपा काढतं. (काढायचं.)

८ जानेवारी, बुधवार
सात जागांची यादी केली. सगळ्यांच्या वेबसाइट वाचल्या. डोकं फिरलं.

एक म्हणतो, 'बुटीक स्टे'. बुटीकमध्ये ब्लाउज शिवतात. दुसरा म्हणतो, आमच्या खोल्यांत टीव्ही नाही, तुम्ही चांदणं बघा. नाही ते नाही, वर अभिमान. तिसऱ्याने वाइनच्या पिंपाच्या आकाराच्या खोल्या बांधल्यात. पिंपात झोपायचं! मी पाच फूट दहा इंच आहे. फोन लावला. ऋतिका नावाची मुलगी बोलली. म्हणाली, सर, हनिमून कपल आहात का? मी म्हटलं, मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. म्हणाली, ओके सर, मग खालचं पिंप देते, चढायला नको.

यादीतून काढलं. उरल्या सहा.

११ जानेवारी, शनिवार
खालच्या मजल्यावरचे भाऊ जिन्यात भेटले. रिटायर्ड आहेत, वेळच वेळ. नाताळात बायकोबरोबर पिंपळदरीला जाऊन आले म्हणे. आमच्यावर नजर ठेवायलाच गेले असणार. म्हणाले, "विद्याधर, जाणारच असशील तर मळ्यातलं घर म्हणून एक जागा आहे, तिथेच जा. अरे, तिथं तर आपली..." मी मध्येच थांबवलं. म्हटलं, भाऊ, मी दुसऱ्याच्या शिफारशीवर जागा घेत नाही. ते दुधाची पिशवी घेऊन वर गेले. त्यांचं घर खाली आहे. बहुतेक गडबडले.

मळ्यातलं घर यादीतून काढलं. भाऊंना जे आवडतं ते चांगलं असूच शकत नाही. उरल्या पाच.

१५ जानेवारी, बुधवार
स्वरदाचा अंधेरीहून फोन. माझी एकुलती एक मुलगी, पण वकिली आईची करते. प्लॅन सांगितला. वाटलं, खूश होईल. ती म्हणाली, बाबा, आई तिथे दिवसभर काय करते, हे तू तिला कधी विचारलंस का? मी म्हटलं, काय करणार, द्राक्षं खात असेल. तर महाबळेश्वर काढलं. ती नऊ वर्षांची होती तेव्हाचं. मी एका दिवसात तीन हॉटेलं बदलली आणि आई सामानावर बसून होती, पायरीवर, चार तास, म्हणे. पाऊस होता, म्हणे.

तिसऱ्या हॉटेलात चोवीस तास गरम पाणी होतं, हे मात्र कोणी सांगत नाही.

मी फोन ठेवला नाही. फोन माझ्या हातातून बंद झाला.

१९ जानेवारी, रविवार, सकाळ
'अंगूरबन' बुक केलं. झकास. खोलीतून डोंगर दिसतो.

१९ जानेवारी, रविवार, संध्याकाळ
अंगूरबन रद्द केलं. मालकाला साधी विनंती केली होती की बाथरूमचे तीन बाजूंनी फोटो पाठवा. पाठवले. नळ डावीकडे होता. विचारलं, उजवीकडे नळ असलेली खोली आहे का? म्हणाले, नाही. म्हटलं, का नाही? म्हणाले, साहेब, तुम्ही घरीच अंघोळ करून या.

ह्या लोकांना ग्राहक नकोच आहेत.

२४ जानेवारी, शुक्रवार
वाट लागली. उरलेल्या चारही ठिकाणी ८ तारखेला जागा नाही. द्राक्षतोडणीचा सीझन. मुंबईची माणसं पायाने द्राक्षं तुडवायला जातात. पाय धुतलेत का, कोण बघतं? आणि नंतर तेच ग्लासात घेऊन फोटो काढतात. चारही ठिकाणी मी हे सांगितलं. एकाने ऐकून घेतलं, तिघांनी नाही.

पिंपवाल्या ऋतिकाला पुन्हा फोन केला. खालचं पिंपही गेलं.

स्वयंपाकाच्या शांताबाईंनी आज पुन्हा वांगं केलं. म्हटलं, आठवड्यात तिसरं वांगं. म्हणाल्या, बाई यादी लिहून गेल्यात, त्याप्रमाणे करते. यादी बघितली. शुभाच्या अक्षरात, सोमवार ते रविवार, चौदा जेवणं, फ्रिजवर लावलेली. खाली लिहिलंय, 'हे मार्चपर्यंत चालेल, मग भाज्या बदला.'

मार्च कशाला लिहिला असेल? तिला आकडेमोड कधीच जमली नाही.

२७ जानेवारी, सोमवार
एकच जागा शिल्लक निघाली. मळ्यातलं घर. भाऊंमुळे जातोय असं कोणी समजू नये.

त्यांचा फॉर्म भरला. माणसं: दोन. नातं: पत्नी. दोघांची आधारकार्डं जोडली, तिच्या कार्डाचा फोटो माझ्याकडे होताच. 'काही खास विनंती' असा कॉलम होता. आठ लिहिल्या. पूर्वेची खिडकी. जमिनीवर गालिचा नको, मला शिंका येतात. चहा सव्वासहाला, साखर वेगळी. तंदुरी रोटी नको, फुलके. उशी एकच, पातळ. दाराची कडी आतून नीट लागावी. रात्री पाण्याचा तांब्या झाकलेला. आठवी: 'पत्नीला सरप्राइज द्यायचं आहे. कृपया कोणालाही सांगू नये.'

जागा ठरवावी तर अशी.

२८ जानेवारी, मंगळवार
दुपारी ऑफिसात फोन आला. बाई म्हणाल्या, नमस्कार, मळ्यातलं घर, पिंपळदरी. आवाज ओळखीचा. एकतीस वर्षं ओळखीचा.

पाहुण्यांची सगळी व्यवस्था शुभाच बघते तिथे. पहिल्या दिवसापासून. मानसीच्या मळ्यातलं घर ते हेच. म्हणजे भाऊंना माहीत होतं. स्वरदाला माहीत होतं. शांताबाईंना माहीत होतं. मलाच कोणी सांगितलं नाही, हा सरळ कट आहे.

ती म्हणाली, फॉर्म मिळाला, खोली आहे, या. मी म्हटलं, दोन माणसांची ना? तिने रजिस्टरचं पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "सरप्राइज मी कोणाला सांगणार नाही."

आवाज भरून आला होता तिचा. किंवा लाइन खराब असेल. पण भरून आला होता.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
तिची रिकामी बॅग काढून डिकीत ठेवली. परत येताना तिचं सामान वाढलेलं असणार. सांगायचे चार मुद्दे कागदावर लिहिले. एक, घर. दोन, माझं बीपी. तीन, लोक काय म्हणतात. चार, झालं गेलं विसरून जाऊ (उदारपणे म्हणायचं).

८ फेब्रुवारी, शनिवार, दुपार
कसारा घाटात दोन तास. ट्रकवाल्यांना काही सांगितलं, त्यांनीही मला सांगितलं. अडीचला पोचलो.

शुभा आवारात दहा-बारा माणसांच्या घोळक्यात होती. पायात स्पोर्ट्सचे बूट, गळ्यात चष्म्याची दोरी, कमरेला किल्ल्या. द्राक्षाच्या रसाचा थेंब एका दुर्बिणीसारख्या यंत्रावर टाकून साखर किती चढली ते एकेकाला दाखवत होती. अमुक आकडा आला की मगच तोडणी, असं काही. माणसं ऐकत होती. चांगली शिकलेली माणसं, तोंड उघडं टाकून. हिला घरी बीपीचं मशीन लावता यायचं नाही. (मी लावू द्यायचो नाही, असं ती म्हणेल.)

मला बघून हात केला. घोळका सोडला नाही. मी उन्हात उभा.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ
खोली बघितली. पूर्वेची खिडकी. गालिचा नाही. उशी एक, पातळ. कडी घट्ट. तांब्या झाकलेला. नळ उजवीकडे, तोही, जो मी लिहिलाच नव्हता. अर्धा तास शोधलं. तक्रारीला जागाच ठेवलेली नाही. माणसाला इतकं कोंडून टाकणं बरं नव्हे. भयंकर चिडलो.

खाट एका माणसाची आहे. तिची खोली कुठे, विचारलं. म्हणाली, मागे, पेरूच्या झाडापाशी. दाखवली नाही.

८ फेब्रुवारी, जेवणानंतर
सगळ्यांचं एकच लांब टेबल. ठाण्याच्या एक बाई शेजारी होत्या, अस्मिता नावाच्या. त्यांनी विचारलं, तुम्ही एकटेच आलात? मी म्हटलं, छे, मिसेस आहेत ना. त्यांनी माझ्या दुसऱ्या बाजूला बघितलं. तिथे खुर्ची होती. तेवढ्यात शुभाने येऊन माझ्या ताटात गरम फुलका वाढला आणि पुढे गेली. अस्मिताबाई म्हणाल्या, काय गोड आहेत हो ह्या मॅनेजर, कोणाला काय हवं ते न सांगता कळतं त्यांना.

मी म्हटलं, हो, अनुभव आहे त्यांना.

टेबलाच्या त्या टोकाला शुभा कशाला तरी हसली. मोठ्याने. हे हसणं मी आधी ऐकलं होतं, पण कधी ते आठवेना. ते आठवत बसलो आणि भात गार झाला.

९ फेब्रुवारी, रविवार, कसाऱ्याजवळ गाडीत
सव्वासहाला चहा आला. तीच घेऊन आली, साखर वेगळी. ओट्यावर बसली. संधी साधून कागद काढला आणि चारही मुद्दे वाचले. चौथा जरा घाईत झाला. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर म्हणाली,

"एकतीस वर्षं प्रत्येक गावात कुठे उतरायचं ते तुम्ही ठरवलंत. मी बॅग उचलून मागून आले. आता एक गाव मी निवडलंय."

मी विचारलं, किती दिवस?

"मी इथे उतरलेली नाही. मी इथे राहते."

मला विचारायचं होतं, मग माझं काय. तोंडातून निघालं, गॅसचा सिलिंडर बुक कोण करणार. तिने शांतपणे सांगितलं, मोबाइलवरून होतो, नंबर फ्रिजवरच्या यादीच्या मागे लिहिलाय. त्यावर माझा आवाज चढला. मुलुंडचं घर म्हणजे काय धर्मशाळा वाटली का, असं काहीसं म्हटलं. व्हरांड्यात उपम्याला बसलेली माणसं वळून बघायला लागली. ती उठली आणि म्हणाली, हळू बोला, पाहुणे नाश्ता करतायत. रागाने नाही. मला जर राग दिसला असता तर मी काहीतरी बोललो असतो. कोणत्याही आरडाओरडा करणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं.

नाश्ता न करता निघालो. तिने डब्यात उपमा भरून सीटवर ठेवला होता, तो आत्ता दिसला. खाणार नव्हतो. खाल्ला.

१० फेब्रुवारी, सोमवार
बीपी १६० बाय १००. डॉक्टरांनी विचारलं, वही लिहिताय ना? म्हटलं, रोज.

स्वरदाचा फोन आला. काय झालं, विचारलं नाही. जेवलास का, एवढंच विचारलं. म्हटलं, हो. मग म्हणाली, धवल तुला घ्यायला येईल, इथे ये राहायला थोडे दिवस. जावयाच्या घरी मी का जाईन? नको म्हटलं. पण ओरडलो नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
आज राग आला नाही. लिहायला काही नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
नाही आला.

१६ फेब्रुवारी, रविवार
सकाळपासून फोन तीनदा हातात घेतला, तीनदा ठेवला. शेवटी शुभाला मेसेज टाकला. पुढच्या शनिवारी खोली मिळेल का, एकच माणूस. रिकामी बॅग आणणार नाही, मुद्देही नाहीत, असं लिहिलं होतं, ते पुसलं.

दुपारी उत्तर आलं. फेब्रुवारी भरलाय, मार्चही भरलाय. १२ एप्रिलला एक खोली आहे, पण ती पश्चिमेची, दुपारी तापते, बाजूला पंपाचा आवाज येतो. तुम्हाला चालणार नाही. दुसरीकडे कुठे बघू का?

मी लिहिलं, हीच चालेल.