अडॅप्टरवरचं कुंकू

राजूर, दसऱ्याचा दुसरा दिवस, संध्याकाळ

नाही काढणार लिनक्स. तात्यांना तोंडावर सांगितलं, इथेही लिहून ठेवते.

दोन दिवस डेअरीच्या कॉम्प्युटरला नेट नव्हतं. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मीच घातलंय, म्हणून बोल मलाच. नेटसाठी मागे यूएसबीत खोचलेला तो बोटभर अडॅप्टर; त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम, मी तीनदा काढला, तीनदा घातला. दर वेळी ड्रायव्हर नीट चढतो, अडॅप्टरचा दिवा लागतो, त्यावरचं कुंकू चमकतं, आणि नेट मात्र नाही. आमचे चेअरमन तात्या, दूध घालायला आलेल्या सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरी, तुजं ते फुकटचं लिनक्स काढ. उद्या नगरहून मानूस बोलावतो." फुकटचं! इतकी वर्षं चाललं तेव्हा कुणाला आठवलं नाही ते!

चिडून अडॅप्टरकडे बघत बसले, तर पुन्हा ते कुंकू. लावलं कुणी? मीच. खंडेनवमीला वजनकाट्याची, कॉम्प्युटरची पूजा केली. अडॅप्टर उपसला, पुसला, कुंकू लावून परत खोचला. पण कुठे? शेजारच्या खाचेत, दुसऱ्याच पोर्टमध्ये! आमचं लिनक्स पोर्ट बघून अडॅप्टरला नाव देतं. पोर्ट बदलला, नाव बदललं, आणि माझ्या सेटिंगच्या फाइलीत नाव जुनंच. बिचाऱ्या ड्रायव्हरला उगाच शिव्या घातल्या.

नवं नाव टाकलं, नेट आलं. चूक माझीच होती, हेही तात्यांना सांगितलं. म्हणाले, "मानूस तर सांगून ठेवलाय." येऊ दे की. चहा पाजीन. कीबोर्डला हात लावू देणार नाही.

आणि पुढच्या खंडेनवमीलाही कुंकू मीच लावणार. अडॅप्टर जागचा न हलवता.