वसतिगृहाच्या शेडमधलं लाकूड

१० नोव्हेंबर
वलगावहून मी आणि माझी आचल दर्यापूरला पोचलो. मुलींच्या वसतिगृहात मला स्वयंपाकाचं काम मिळालंय आणि आचलचं राहणं-शिकणं फुकट. पोरगी आल्यापासून हुंदडतेय. भाजीचं मोठं गंज चुलीवर चढवायचं असतं, पण त्याची मला काळजी नाही. मी मळ्यात वाढले, डोळे मिटून लाकूड ओळखते. बाभळीची साल काळी, भेगाळलेली. निंबाचा धूर कडू. बिब्ब्याला तर हातच लावायचा नाही, त्याच्या धुराने अंग उततं.

१२ नोव्हेंबर
शेडमधलं लाकूड मला ओळखता येईना. राग आला, स्वतःचाच. साल पातळ, गव्हाळ, वर बारीक लव. फोडलं तर आतल्या रेघा बोटाच्या ठशासारख्या. वास शिकेकाईचा, त्याखाली घामाचा. मालक केशवरावांना विचारलं, तर म्हणाले, लाकूड जळून राह्यलं ना, मंग कावून इचारता? शेवटी तेच लावलं. चाळीस पोरी उपाशी कशा ठेवणार?

१७ नोव्हेंबर
आचल खेळत नाही. जेवते आणि अंगणात उन्हात उभी राहते. बाकीच्या मुलीही तशाच, उन्हाकडे तोंडं करून. केशवरावांना बजावलं, हे लाकूड बदला. ते नुसते हसले. आधीची स्वयंपाकीण माणिकबाईही असंच डोकं खायची म्हणे. गेल्या वर्षीच्या मुली आता कुठे आहेत विचारलं, तर उठून गेले.

१९ नोव्हेंबर
आज एका ओंडक्यावर लशीचा व्रण दिसला. दंडावर असतो तोच, गोल. चुलीत पाणी ओतलं. आठवडाभर मी काय जाळलं? त्यावर शिजवलेलं आचलला आग्रह करकरून वाढलं.

२० नोव्हेंबर
आचलला घेऊन निघाले. तिचे पाय उचलेनात. कडेवर घ्यायला गेले तर जड, फार जड. दोघी पडलो. तिचा गुडघा फुटला. रक्त नाही. आत रेघा —

२१
केशवराव आले. आचलच्या दंडावर बोटाने टकटक केली, लाकूड वाळलं का बघतात तशी. म्हणाले, ओली हाय अजून, पंधरा दिवस उन्हात राहू द्या. हरामखोर. तिचे डोळे हलतात. माझ्याकडे बघते.

कुऱ्हाड समोर आहे. तो पाठमोरा आहे. माझी बोटं मिटत नाहीत — मीही तेच जेवले — पेन दोन्ही तळव्यांत धरून — एकदा, फक्त एकदा मूठ वळू दे, मग ह्याची —