सहा तासांची पट्टी

ता. ३ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,

शि. सा. नमस्कार. वि. वि., तुमची नात मजेत आहे, तिची आई नाही.

तुम्ही तिचं नाव 'नकोबाई' ठेवलंत तेव्हा मी हसले होते. आता हसू येत नाही. अडीच वर्षांच्या जिवाला इतक्या गोष्टी नको असतात? दूध नको. पेला उचलून नेला की तो नेणंही नको. बूट घालायला नको, घातले की काढायला नको. परवा बूट घालूनच झोपली. हे म्हणतात, तुझ्यावर गेली आहे. यांना काय, दिवसभर कारखान्यात बॉयलरच्या घरघरीत असतात, तिथे कुणी नको म्हटलेलं ऐकूही येत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी पत्र लिहायला बसले नसते. तिचा डावा डोळा किंचित आत वळतो असं मला वाटायचं, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, डावा डोळा कामच करत नाही, सगळा भार उजव्यावर आहे. उजव्यावर रोज सहा तास पट्टी लावायची, म्हणजे डाव्याला बघणं भाग पडेल. हे लहानपणीच जमतं. वय गेलं की मग चष्म्यानेही फारसं काही होत नाही. घरात आणखी कुणाला असं आहे का, असंही त्यांनी विचारलं. मी ठणकावून नाही म्हटलं. घड्याळजीच्या घरात अधू डोळा कुठून येणार!

त्यांनी एक तक्ता दिलाय, रोज किती वेळ पट्टी राहिली ते लिहायला. कारखान्याच्या फाटकावर लोकांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिण्यात माझी नऊ वर्षं गेली, त्यामुळे तक्त्याची भीती नाही. भीती तिची आहे. पट्टी लावली की ती किंचाळत, हात पुढे करून भिंतीकडे जाते आणि ओरबाडून काढते. काल अकरा मिनिटं टिकली. गाल लालभडक झालाय. आई असती तर तिला विचारलं असतं. आता तुम्हीच सांगा, काय करू?

तब्येतीला जपा, आणि माझ्या रडगाण्याने लोभ पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
ठकू

ता. १६ फेब्रुवारी

चि. सौ. ठकूस,

तुझ्या म्हाताऱ्या बापाचे पोटभर आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. चष्म्याचा नंबर बदललाय वाटतं. दुकानही सध्या अर्धाच दिवस उघडतो. ओळी तिरक्या गेल्यात, तिकडे लक्ष देऊ नकोस.

नकोबाईला माझा मुका दे, नको म्हणाली तरी दे. तूही काही कमी नव्हतीस. केस विंचरायला नको म्हणून दुकानातल्या मोठ्या घड्याळाच्या पेटीत जाऊन बसली होतीस. आम्ही सगळी गल्ली पालथी घातली. शेवटी लंबक का थांबला म्हणून बघायला गेलो, तर आत तू.

पट्टीचं म्हणशील तर बाहुलीलाही एक लाव. तुम्ही दोघंही लावून बसा. आणि अगदीच आकांत करायला लागली तर एखाद दिवस सोडून दे गं. एवढ्याशा जिवाला किती रडवायचं? एका डोळ्यानेही माणसाचं चालतं. मी जन्मभर एकाच डोळ्याला भिंग लावून काम केलं, काही अडलं नाही.

जावईबापूंना नमस्कार सांग. माया आहेच, ती वेगळी लिहीत नाही.

तुझा,
बाबा

ता. ९ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,

शि. सा. नमस्कार. वि. वि., हे पत्र वाचून झालं की फाडून टाका.

बाहुलीला पट्टी लावली. तिने आधी बाहुलीची काढली, मग स्वतःची, मग माझी. यांनी गाणी म्हटली. तिच्या हातांत मोजे घातले, ते तिने दातांनी ओढून काढले. पाळणाघरातल्या बाईंनी हात जोडले, की आमच्याकडची बाकीची मुलं घाबरतात, पट्टीचं तेवढं घरीच बघा. म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा घ्यायला लागले. रोज दुपारी तिचे दोन्ही हात धरून बसायचे, आणि ती माझ्या तोंडावर ओरडायची, तू नको. बाबा, बाकी सगळं नको होतं तोवर मी सहन केलं.

एक दिवस तुमचं वाक्य आठवलं आणि पट्टी लावलीच नाही. ती गुणी बाळासारखी खेळली, माझ्या मांडीवर येऊन झोपली. तक्त्यात शून्य लिहायची लाज वाटली. सहा तास लिहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा. फाटकावर उशिरा आलेला माणूस गयावया करतो, बाई, आठच लिहा ना, आणि मी आठ वाजून पाच मिनिटं लिहिते. तीच मी घरी येऊन सहा-सहा लिहीत गेले. एखाद दिवस म्हणता म्हणता पाच आठवडे झाले.

काल डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला. काडीचा फरक नाही. तक्ता बघून म्हणाल्या, पाच आठवडे इतक्या इमानाने पट्टी लावूनही सुधारणा नाही, म्हणजे हिला ती लागू पडत नाही असं दिसतं. आणखी महिनाभर बघू, नाहीतर थांबवू, पोरीला उगाच त्रास नको. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, तुम्ही काही कमी केलं नाहीत.

आणि बाबा, मला सुटल्यासारखं वाटलं. घरी येईपर्यंत तसंच वाटत होतं. मग जिन्यात ती डावीकडच्या कठड्याला धडकली. मी फार वाईट आई आहे. खरं सांगितलं तर पुन्हा तोच आकांत. नाही सांगितलं तर पोर निदान हसत राहील. काय करू? एका डोळ्याने चालतं म्हणाला होतात. तेवढं पुन्हा एकदा म्हणा.

हे वाचूनही लोभ उरला तर कळवा.

तुमची,
ठकू

ता. १७ एप्रिल

चि. सौ. ठकूस आशीर्वाद.

पुन्हा म्हणणार नाही.

हे पत्र मी सांगतोय आणि शेजारचे शिंपी लिहून घेतायत. तुझं पत्रही त्यांनीच वाचून दाखवलं. भला माणूस आहे, कुठे बोलणार नाही.

माझा डावा डोळा लहानपणापासून निकामी आहे. हे फक्त तुझ्या आईला ठाऊक होतं. भिंग उजव्या डोळ्याला लावून मी डावा मिटायचो, पण तो उघडा असता तरी काही बिघडलं नसतं. घड्याळजीचं असलं व्यंग कुणाला कळतंय? तू डॉक्टरणीला नाही म्हणून आलीस तेव्हाच मी सांगायला हवं होतं. पण नातीला मी हेच देऊन ठेवलं की काय, याची लाज वाटली. गप्प बसलो, आणि वर तुला सोडून दे म्हणालो.

पट्टी मलाही सांगितली होती. आई काळ्या कापडाची बांधायची. मी इतका रडलो की चौथ्या दिवशी तिने ती विस्तवात टाकली. मला उचलून घेऊन म्हणाली, नको ना माझ्या राजाला? नको तर नको. साठ वर्षं तो माझा आवडता दिवस होता.

आता उजवा डोळा जातोय. मधोमध काळा डाग दिसतो, भिंगातूनही तोच. डॉक्टर म्हणाला, दुसऱ्या डोळ्यावर भागवा. दुसरा आणू कुठून? दुकान गेल्या महिन्यात बंद केलं. परवा नुसता बसलो होतो आणि आईचा राग आला, आयुष्यात पहिल्यांदा. तिने मला रडू द्यायला हवं होतं. आता भांडायला तीही नाही.

उद्याच जाऊन खरं सांग. नकोबाईला तुझा राग येऊ दे. आत्ताच येऊ दे, साठ वर्षांनी नको.

शिंपी डोळे पुसतायत, तेव्हा इथेच थांबतो. लोभ उरलाय का म्हणून पुन्हा विचारू नकोस.

तुझा,
बाबा

ता. २ मे

तीर्थरूप बाबांस,

शि. सा. नमस्कार. वि. वि., जाड मार्करने लिहितेय, एका पानावर सात ओळी. शिंपीकाकांना देऊ नका. मान वाकडी करून, कडेकडेने का होईना, स्वतः वाचा.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. कोरा तक्ता दिला. गेलेले दोन महिने परत येत नाहीत आणि डोळा किती सुधारेल ते आत्ता सांगता येत नाही, म्हणाल्या. घरात कुणाला आहे का, ते पुन्हा विचारलं. या वेळी तुमचं सांगितलं.

तिचं काही बदललेलं नाही. किंचाळते, चावते. माझ्या मनगटावर घड्याळाच्या जागी तिच्या दातांची खूण आहे. आज दाराआड जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, आई नको. मी बरं म्हटलं, आणि निघालेली पट्टी पुन्हा चिकटवली. मग न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं.

शनिवारी हे तुम्हाला आणायला येतायत. नको म्हणू नका. या घरात आता त्याला किंमत नाही.

आज पट्टी चाळीस मिनिटं राहिली. तक्त्यात चाळीसच लिहिलीत.

तुमचा लोभ असू द्या. इथे सध्या दुसऱ्या कुणाचा नाही.

तुमची,
ठकू